रिकाम्या टबातलं विष

"निघालं! निघालं!" पुढच्या रांगेतल्या एक बाई ओरडल्या आणि त्यांच्या टबाकडे बघायला अख्खा हॉल उठून उभा राहिला. सगळ्यांचे पाय आपापल्या टबात होते, त्यामुळे निम्म्यांचं पाणी फरशीवर आलं. पण विष निघाल्याच्या आनंदात ओली फरशी कोण बघतो?

त्या हॉलमध्ये पूर्वी नाच शिकवायचे. तीन भिंतींना आरसे होते. त्यामुळे जेवढे टब होते त्याच्या चौपट दिसायचे आणि भक्तीही चौपट भासायची. प्रत्येक टबात गरम पाणी, मूठभर मीठ आणि वायरला लटकलेली एक काळी डबी. गुडघ्यांवर पांढरा टॉवेल. बटण दाबलं की स्वच्छ पाणी आधी पिवळं व्हायचं, मग नारिंगी, शेवटी उकळून विसरलेल्या चहासारखं. वर काळे कण तरंगायचे.

हे सगळं ज्यांचं होतं त्यांना लोक 'सर' म्हणत. अंगात डॉक्टरचा कोट होता. डॉक्टर तेवढे कोटापुरतेच. कानाला माइक लावून ते रांगांमधून फिरायचे.

"तळपाय म्हणजे देहाचं गटार! नारिंगी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे यकृत, आणि काळं म्हणजे?"

"गोळ्या!" हॉल एका सुरात म्हणायचा.

"वर्षानुवर्षं गिळलेल्या गोळ्या! विषावर विष ओतता आणि वर विचारता, सर, बरं का वाटत नाही?"

लोक हसायचे. माझा थोरला भाऊसुद्धा हसायचा.

दादाला कित्येक वर्षं साखरेचा आजार. पायांना जाणीव उरली नव्हती. एकदा त्याची एक चप्पल रस्त्यातच राहिली आणि हा गडी तसाच घरी आला. दारात सुनेनं विचारलं तेव्हा कळलं. तर या दादानं सरांचं ऐकून इन्शुलिन बंद केलं होतं.

"पाय हलके झालेत रे," तो मला म्हणाला.

"ज्या पायांना चप्पल गेलेली कळत नाही, त्यांना हलकं झालेलं बरं कळतं?"

"तू मला खरं-खोटं शिकवू नकोस. आधी त्या मगरीचं काय ते मिटव."

ती मगर माझीच. माझा उजवा पाय गुडघ्याखाली रबराचा आहे. खरा कुठे गेला याच्या मी इतक्या गोष्टी सांगितल्यात की मोजदाद नाही. मगरीनं नेला, पण चव न आवडल्यानं बूट परत केला, ही त्यातल्या त्यात साधी. पाय गेला कारखान्यातल्या पट्ट्यात. पण त्यात मजा नाही, म्हणून ते कुणाला सांगत नाही. आता खरं बोलायची वेळ आली, तर ऐकायला कुणी नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बऱ्याच दिवसांत काही वाटलंच नव्हतं.

बोलून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच टब घेतला. रबरी पाय पाण्यात सोडला, डावा बुटासकट बाहेर ठेवला आणि टॉवेल नीट पसरला.

"आजोबा, दुसरा पाय?"

"एकेक करू सर. एकदम एवढं विष गेलं तर माझ्यात उरणार काय?"

पाणी रंगलं. अगदी चहा. सर वाकले, काळे कण बघून त्यांनी मान हलवली. "मूत्रपिंडात साठलेल्या गोळ्या! आजोबा, वेळेवर आलात."

मी टॉवेल काढला, पट्टे सोडले आणि पाय उचलून त्यांच्या हातात दिला. "घ्या. मूत्रपिंड याच्यात कुठे बसवलंय ते मलाही दाखवा. बनवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं."

आता हॉल पेटेल असं मला वाटलं. पण सर क्षणभरच थबकले. मग त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उंच धरला. "बघा! गेलेल्या पायाची स्मृतीसुद्धा विष सोडते! यंत्र तिथवर पोचलं!"

टाळ्या पडल्या. आरशांतूनही पडल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एका पायावर बसून राहिलो. म्हटलं, थापाड्यांत आपला पहिला नंबर होता, तोही गेला.

तेवढ्यात दादाची सून आत आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. सासऱ्यांना घरी न्यायला आली होती. तिनं सरांच्या हातात लटकलेला माझा पाय पाहिला, मग शेजारचा मोकळा टब पाहिला. पाणी आणि मीठ तयारच होतं. तिनं कुणाला न विचारता बटण दाबलं.

"ताई, पाय घाला," सर म्हणाले.

"नाही घालत."

"मग विष कुठून येईल?"

"तेच बघतेय."

सगळे बघत राहिले. पाणी पिवळं झालं. मग नारिंगी. मग चहा. त्या टबात कुणीच नव्हतं.

तिनं बटण बंद केलं, पाणी ओतून दिलं आणि नळाचं नुसतं पाणी भरलं. मीठ नाही. पुन्हा बटण दाबलं. पाणी जवळजवळ तसंच राहिलं. मग बटण बंद करून तिनं डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या.

"मिठाच्या पाण्यातून वीज नीट जाते आणि या पट्ट्या झपाट्यानं गंजतात," ती म्हणाली. "रंग गंजाचा आहे. पाय असोत, नसोत."

"पण मला बरं वाटतं ना!" पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"कोमट पाण्यात पाय सोडले की वाटतंच, काकू. घरच्या बादलीतही वाटेल. त्यासाठी गोळ्या सोडायच्या नाहीत."

कुणी ओरडलं नाही, कुणी टब फोडला नाही. काहींनी पाय पुसले. काहींनी मुकाट्यानं पुन्हा आत घातले.

"बाबा, चला," म्हणत तिनं दादाचे पाय पाण्यातून उचलले आणि ती थांबली. उजव्या अंगठ्याची कातडी सुटून लोंबत होती. तिनं पाण्यात बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"बाबा, चटका लागला नाही?"

"कसला?" दादानं विचारलं. तो अजून माझ्या पायाकडेच बघत होता.

जखम चिघळली. साखर चढलेलीच होती. डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा नर्स त्याला इन्शुलिन टोचून बाहेर पडत होती. खिडकीबाहेर कुणाची तरी चादर वाळत होती.

"लोक विचारतील, अंगठा कुठे गेला," दादा म्हणाला. "मला एखादी गोष्ट दे. मगर दे."

"मगर माझी आहे."

"मग दुसरी दे."

मी शोधली. देवाशपथ शोधली. आयुष्यात पहिल्यांदा एकही सुचली नाही.

"जे झालं तेच सांग," मी म्हणालो.

"त्यात मजा नाही रे."

"नाहीच."

आता दादा फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. कुणी पायाकडे बघितलं की मजा नसलेली ती गोष्ट जशीच्या तशी सांगतो. मीही शेजारी बसतो, मध्ये एक शब्द घालत नाही. तुम्हाला तिकडून जायला जमलं नाही तर शेवटचं तेवढं इथेच ऐका. कुणी तुमच्या अंगातलं विष काढून दाखवलं, तर भांडू नका, हातही जोडू नका. एवढंच म्हणा, "आता माझे पाय बाहेर ठेवून दाखवा." आणि त्यानं काहीही दाखवलं तरी चालू असलेलं औषध चालू ठेवा.