कॉलरमधलं हिरवं कापड

लोक मला भिंगवाली म्हणतात. तोंडावर मावशी, पाठीमागे भिंगवाली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर मायक्रोस्कोप, चिमटा, टाके उसवायची सुई आणि मान वाकवता येणारा दिवा. आम्हा यहुद्यांच्या शास्त्रात एक नियम आहे. लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, एकाच कपड्यात अंगावर घालायचे नाहीत. का, ते देवानं सांगितलेलं नाही. शिकलेसवरलेले लोक मला विचारतात, अहो पण काय अर्थ आहे याला? मी म्हणते, तुमचा साहेब प्रत्येक गोष्टीचं कारण देतो का? तरी सकाळी वेळेवर हजर होताच ना.

शिंपी सांगतो शुद्ध लोकर, चिठ्ठीवरही तेच असतं, पण कॉलर ताठ राहावी म्हणून आत काय कोंबलंय ते कुणाला ठाऊक? म्हणून लोक कोट माझ्याकडे आणतात. मी कॉलरचे चार टाके उसवते, धागा ओढते आणि भिंगाखाली धरते. लोकरीवर खवले दिसतात. कापूस पिळलेल्या फितीसारखा असतो. रेशीम नितळ, काचेच्या कांडीसारखं. आणि लिननला उसासारखी पेरं असतात. तीस वर्षं हेच बघतेय, तरी डोळा लावला की अजून अंगावर काटा येतो. एवढी कारागिरी, आणि तीही कुणी बघणार नाही अशा जागी! करणाऱ्याला कंटाळा कसा येत नाही, असं दर वेळी वाटतं. कपडा निर्दोष निघाला की मी आतल्या बाजूला एक छोटी पट्टी शिवते. तपासलं, अशी खूण.

त्या दिवशी एक मास्तर आला. शाळेत भूमिती शिकवणारा, तिशीतला, डोक्याला टोपी, दाढी नीट कातरलेली, हनुवटीवर जुन्या जखमेची बारीक रेघ. हातात काळा कोट. वडील गेल्या वर्षी वारले, हा त्यांचा. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न, आणि मांडवाखाली त्याला हाच घालायचा होता.

एवढं सांगून तो निघाला असता तर बरं होतं. पण त्याच्या पोटात दुसरंच होतं. कोट आईनं आणला होता, बावीस वर्षांपूर्वी, वडिलांना भेट म्हणून. वडील नियमाचे पक्के. त्यांनी विचारलं, तपासलाय का? ती म्हणाली, हो. त्यांनी विश्वास ठेवला आणि दर शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत सगळं काम बंद ठेवायच्या आमच्या दिवशी, तोच कोट घातला. आता मास्तरनं आतून बघितलं तर पट्टीच नाही.

आई कशी, तेही त्यानं सांगितलं. हॉस्पिटलात डॉक्टर. देवाधर्माचं वावडं. शब्बाथच्या दिवशी ड्यूटीला गेली तर मी काही म्हणणार नाही, जीव वाचवायला शब्बाथ मोडावा असं शास्त्रच सांगतं. पण सुटी असली तरी ही बाई शब्बाथला गाडी काढायची आणि नवऱ्याला म्हणायची, तुमच्या देवाला सांगा, मी भाजी आणायला गेलेय. मास्तरनं परवा फोनवर तिला विचारलं, कोट कुणी तपासला होता? ती म्हणाली, मी. आणि हसली.

घ्या! मी मनात म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मास्तर मात्र हसत नव्हता. आमच्यात नवरदेवाला आईवडील दोन्ही बाजूंनी धरून मांडवापर्यंत नेतात. वडील नाहीत, म्हणजे आईच. तो टेबलाकडे बघत हळू म्हणाला, "यात लिनन निघालं, तर मी काकांबरोबर चालत जाईन. तिनं बावीस वर्षं बाबांना फसवलं असेल, तर तिचा हात मला धरवणार नाही."

खरं सांगते, माझाही कौल ठरलेला होता. त्या काळच्या तसल्या कोटात कॉलरला लिनन नसेल तर मी नाव बदलीन. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि कोट दिव्याखाली घेतला.

आधी बाह्या, खांदे, छाती, खिसे बघितले. सगळीकडे कापूस नाहीतर लोकर. मग कॉलर उलटी केली आणि थबकले. शिंप्याचा टाका पळता असतो, एका धाग्यानं सरळ जातो. इथे प्रत्येक टाका वेगळा होता. एक टाका, दोनदा गाठ, कट. पुन्हा एक टाका, दोनदा गाठ, कट. सगळे सारख्या अंतरावर, मोजून घातल्यासारखे. मी चिडले. असलं काम करणाऱ्याला दुकानातून हाकलून द्यावं, एक कॉलर शिवायला दिवस घालवेल. धागा जाड होता, काळा. बोटाला लागला तसा लिननचाच वाटला. मास्तरकडे न बघता मी एक गाठ कापली आणि धागा भिंगाखाली ठेवला.

पेरं नव्हती. नितळ कांड्या, एकमेकींत वेणीसारख्या गुंफलेल्या. रेशीम.

रेशमानं कॉलर कोण शिवतं? मी आणखी चार गाठी कापल्या आणि पट्टी वर उचलली. आत फिकट हिरवं कापड. अहो, हिरवं! काळ्या कोटात! ते दुमडून दोन पदरी केलेलं, कडा आत वळवलेल्या. भिंगाखाली पिळलेली फीत दिसली, म्हणजे सुती. आणि त्या हिरव्या कापडाच्या खाली, लोकरीवर, कारखान्याच्या मशिनची जुनी भोकं ओळीनं दिसत होती. तिथे पूर्वी दुसरं अस्तर होतं. कुणीतरी ते काढलं होतं.

आता मला चेव चढला. काढलं तर काहीतरी मागे राहतंच. एवढासा तंतू भोकात अडकतो, शिवणीखाली लपतो, आणि एक तंतू राहिला तरी कपडा बाद. चिमटा घेऊन मी एकेक भोक बघत गेले. मास्तरनं दोनदा विचारलं, मावशी, काय निघालं? मी त्याला गप्प बस म्हटलं. पाऊण तास गेला. एकशे चाळीस भोकं होती. एकातही तंतू नव्हता. नाही म्हणजे नाही. कुणीतरी प्रत्येक भोक माझ्या आधी साफ केलेलं होतं. माझ्या हातून, आणि मी काही लेचीपेची नाही, एखादं राहिलं असतं. मी खुर्चीला टेकले. 

मी म्हटलं, "लिनन होतं. पण कोणीतरी ते अगदी मुळासकट काढलंय. तुझ्या बाबांनी निर्दोष कोट घातला, बाळा. फक्त हे काम कोणत्या शिंप्याचं ते मला कळत नाही. टाक्यागणिक गाठ मारणारा शिंपी मी जन्मात बघितला नाही."

मास्तर उठून आला. वाकून बघितलं. हिरव्या कापडाला हात लावला. मग त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला, त्या रेघेवर. सात वर्षांचा असताना तो जिन्यावरून पडला होता, आईनं स्वतः टाके घातले होते, आणि समोरच्या आरशात तो ते मोजत होता. एक टाका, दोनदा गाठ, कट.

"हे ऑपरेशनच्या खोलीतलं कापड आहे, आणि दोरा जखमा शिवायचा," तो म्हणाला. 

मी गाठी पुन्हा मारायला सुई घेतली, तर त्यानं माझा हात धरला. उघडीच राहू द्या म्हणाला, आणि उघड्या कॉलरचा कोट छातीशी धरून निघून गेला. रुमालसुद्धा टेबलावर विसरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. उंच, केस बारीक कापलेले, डोक्यावर काही नाही, आमच्यातल्या पाळणाऱ्या लग्न झालेल्या बायका डोकं झाकतात, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. हातावर तोच कोट. मी खुर्ची पुढे केली. एरवी मी अशा बायकांना खुर्ची देत नाही, हे कबूल करते.

तिनं सरळ सांगितलं. मुलगा काल संध्याकाळी आला, कॉलर दाखवली आणि रडला. मग विचारलं, मला मांडवापर्यंत नेशील ना? ती हो म्हणाली. आता कॉलर तिनं पुन्हा शिवली होती, आणि मुलानं सांगितलं होतं की पट्टी राहिलीय, ती मावशींकडून घेऊन ये.

मला राहवलं नाही. मी विचारलं, तुम्ही तर यातलं काही मानत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

"मी नाही मानत," ती म्हणाली. "ते मानायचे. आणि कोट त्यांच्या अंगावर जाणार होता."

मी म्हटलं, मग माझ्याकडे आणायचा होता, माझं कामच हे. तिला सांगायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"आणला होता," ती म्हणाली. "शुक्रवारची दुपार होती. तुम्ही दार लावत होतात. माझ्या डोक्याकडे बघून म्हणालात, बाई, शब्बाथ पाळणाऱ्यांना वेळ ठाऊक असते. त्यांना त्याच संध्याकाळी कोट घालायचा होता. मग मी हॉस्पिटलात परत गेले, लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली धागा बघितला. पुढच्या ऑपरेशनला दोन तास होते, तेवढ्यात हे केलं."

मला काही आठवेना. तेच लागलं मला. मी त्या वाक्यानं कुणाला जखम केली ते मला आठवतच नव्हतं, कारण ते वाक्य मी किती जणींना म्हटलं असेल त्याला गणती नाही. तीस वर्षं मी दोऱ्यात खोट शोधत बसले आणि माझ्याच दारात उभी असलेली बाई मला दिसली नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, सोडा हो, माझे टाके तरी चांगले आलेत ना?

मी पट्टी काढली. ती नेहमी मीच शिवते, दुसऱ्या कुणाच्या हातात आजवर दिलेली नाही. ती मी तिच्यापुढे ठेवली. तिनं पर्समधून आपला दोरा काढला, सुईत ओवला, आणि मी दिव्याची मान तिच्याकडे वाकवली. एक टाका, दोनदा गाठ, कट. चार कोपरे, चार गाठी. तिचे हात बघत मी उभी होते, आणि मनात आलं, हा नियम ज्यानं केला त्याला हे हात नक्की ठाऊक असणार.

तिनं कोट माझ्यापुढे केला. "नवा दोरा आहे. एकदा तपासून घ्या."

मी मायक्रोस्कोप कापडानं झाकून टाकला आणि कोट घडी करून तिच्या हातात दिला.