हिरव्या पाण्याच्या बाटल्या

मागच्या खोलीत सासऱ्यांनी तीस वर्षं गोल्डफिश वाढवले. पिल्लांना खाणं एकच: उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून गाळलेला. उरलेला बलक पाण्यात कुजायचा आणि रोज सकाळी तळाशी मेलेली पिल्लं दिसायची. यंदा सासऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि खोली सुनेच्या गळ्यात पडली. नवरा परगावी नोकरीला. ती दिवसभर दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीत बसायची आणि घरी आली की बाह्या सारून टाक्यांत हात घालायची.

मेलेली पिल्लं उपसून ती कंटाळली होती. चार ठिकाणी विचारून तिने डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढवायला घेतलं. खिडकीशी सात बाटल्या, प्रत्येकीत हवेची नळी. पाणी गर्द हिरवं झालं की थोडं पिल्लांच्या टाकीत ओतायचं आणि उरलेलं गाळून, वाळवून, भुकटी करून माशांच्या दाण्यात मिसळायचं.

"मामा, एका टाकीला तुमचा बलक, दुसरीला माझं शेवाळ. पंधरा दिवस बघू."

"टाक्यांचं शेवाळ घासण्यात माझा जन्म गेला," सासरे म्हणाले, "आणि तू तेच पेरायला निघालीस!"

नवव्या दिवशी ती कामावर पोचते न पोचते तोच गावभरची वीज गेली. हवेचे पंप बंद म्हणजे बाटल्यांतलं शेवाळ खाली बसणार, पिल्लं गुदमरणार. खिडकीसमोर रांग, सुट्टी मागायची सोय नाही. संध्याकाळी ती घराचा जिना चढली. आता काय उपसायचं ते उपसू, एवढंच मनात होतं.

खोलीत सासरे स्टुलावर बसले होते. मगाने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत होते. मग खाली ठेवला की एक बाटली हलवायची, नंतर दुसरी. सदरा ओलाचिंब, बोटं सुजलेली.

"सकाळपासून?" तिने विचारलं.

"मग काय करू? तुझं हे हिरवं पाणी जरा पाठ फिरवली की तळाशी जाऊन झोपतं. फार आळशी आहे."

तिने त्यांच्या हातातला मग घेतला. वीज तासाभराने आली.

पंधराव्या दिवशी दोघांनी मोजदाद केली. बलकाच्या टाकीत एकोणीस पिल्लं उरली होती. शेवाळाच्या टाकीत एकशे चाळीसच्या वर, आणि पाणी स्वच्छ. सासरे कितीतरी वेळ काचेला नाक लावून बसले. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आता या बाटल्या रोजच्याच झाल्या, हेच आधी डोक्यात आलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"बलक बंद," सासरे काचेकडे बघतच म्हणाले. "आणि सकाळच्या बाटल्या माझ्याकडे. बसून करायचं काम आहे, गुडघ्यांचा काय संबंध? भुकटी किती घालायची तेवढं सांग."

ती सांगायला लागली. "चिमूटभर, आधी पाण्यात कालवून..." आणि वाक्य अर्ध्यावर ठेवून तिथेच झोपी गेली.