डबीचा खटका

रत्नव्वांची जीभ तिखट, हे शिवाजी पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण गेली अकरा वर्षं ती जीभ चालवायची कुणावर? नवरा राहिला नाही, लेक शिवकुमार पुण्याला. मग बाई टीव्हीतल्या सुनांना शिव्या घालायच्या, नाहीतर उतू गेलेल्या दुधाला. सकाळी दोन भाकरी थापायच्या, एक तेव्हा खायची, दुसरी संध्याकाळी. एकट्या माणसाला भूक तरी किती लागणार!

नवरा गेला तो असातसा गेला नाही. भांड्यांचं दुकान असलेले नागाप्पा दुपारी जेवायला घरी आले आणि घरातच मारले गेले. रत्नव्वा तेव्हा गडहिंग्लजला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. कपाट फोडलेलं, पाटल्या आणि बोरमाळ गायब, आणि आडव्या आलेल्या नागाप्पांच्या डोक्यात घरातलाच बत्ता घातलेला. सोनं आजतागायत सापडलं नाही. चौथ्या दिवशी सापडली ती फक्त त्यांची करडगी, म्हणजे लिंगायत माणूस गळ्यातलं लिंग ज्यात ठेवतो ती चांदीची डबी. ती निघाली गल्लीच्या टोकाला चांदीची डागडुजी करणाऱ्या कृष्णातच्या ट्रंकेत. झालं! पोरगा चोवीस वर्षांचा, त्याला मारत नेला.

"काकांनीच दिलती दुरुस्तीला," कृष्णात कोर्टात म्हणाला. "लिंग काढून घेतलं आणि नुसती डबी दिली. खून झाल्यालं कळलं आणि मी भ्यालो, म्हणून दडवून ठेवली."

सरकारी वकिलानं डबी रत्नव्वांच्या हातात दिली. त्यांनी झाकण लावलं. खटका टक्कन बसला. बाई क्षणभर थांबल्या, कारण तो खटका वर्षभर ढिला होता. "कुठंतरी रस्त्यात लिंग पडंल आणि तोंड दाखवायला जागा राहायची न्हाय," म्हणून नवऱ्याला त्यांनी किती टोचलं होतं! नागाप्पा हूं म्हणायचे आणि डबीला दोरा गुंडाळायचे. पण तेव्हा डोक्यात असला राग होता की असल्या बारीकसारीक गोष्टीला कोण विचारतो.

"डबी यांचीच," रत्नव्वा म्हणाल्या. "आणि दुरुस्तीचं ते साफ खोटं. आमच्यात लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत." जज्जसाहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं निकालात घेतलं. कृष्णातला जन्मठेप झाली.

त्यानं अपील केलं, ते मुंबईला नऊ वर्षं पडून राहिलं. मग हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आणि फायलीवरची धूळ झटकली गेली. शिवकुमारचा फोन आला, "अव्वा, गुरुवारी अपील लागलंय. तू जाऊ नकोस, बीपी वाढंल."

"जाणार! तो सुटत न्हाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला घास उतरायचा न्हाय." खरं तेच होतं. बाईंच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट जागेवर होती. मारणारा आत आहे. त्या एका गोष्टीला टेकून त्यांनी अकरा वर्षं काढली होती.

मधे अमावस्या आली. दर अमावस्येला संगमेश स्वामी जेवायला यायचे. घरचे जंगम, म्हणजे यांचे गुरूच. नागाप्पांना मातीही त्यांनीच दिली होती. आता थकलेले, काठी टेकत येणारे. रत्नव्वांनी गरम भाकरी वाढली आणि गुरुवारचा विषय काढला. बोलता बोलता डोळे भरले.

"स्वामी, एक सांगायचं राहूनच गेलं. त्या मुडद्यानं यांचं लिंग कुठं फेकलं असंल तिथनं तुम्ही उचललंत, पांढऱ्या फडक्यात बांधलंत, मग हातावर ठेवून माती दिलीत. तेवढे उपकार मी विसरायची न्हाय."

स्वामींचा घास हातातच राहिला. "मी? मी कुठं बांधलं?"

"मग कुणी?"

"दवाखान्यातनं आणलं तेव्हा ते गळ्यातच होतं, रत्नव्वा. फडक्यात बांधलेलं, वर दोन गाठी. मी नुसत्या गाठी सोडल्या. मला वाटलं, तुम्हीच बांधलंय."

"मी तर गडहिंग्लजात होते की!"

अकरा वर्षं हिला वाटलं स्वामींनी बांधलं, स्वामींना वाटलं हिनं. विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. उघडं लिंग दिसलं तर घरचं कुणीही भाविक माणूस आधी झाकणार, त्यात विचारायचं काय? आणि पोलिसांना, वकिलांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

स्वामी गेल्यावर रत्नव्वा ताटापुढंच बसून राहिल्या. माणसाच्या डोक्यात बत्ता घालणारा चोर मागं थांबून त्याचं लिंग फडक्यात बांधील? दोन गाठी मारून परत गळ्यात अडकवील? अंहं. ते नागाप्पांनी स्वतः बांधलं होतं. आणि स्वतः बांधलं ते डबी कुठंतरी दिली होती म्हणून. खटका टक्कन बसला होता, तो चोरानं बसवला नव्हता. हे सगळं आपल्या बोटांना कोर्टात त्याच दिवशी कळलं होतं.

त्यांनी पुण्याला फोन लावला. शिवकुमार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अव्वा, गप बस. हे बोललीस तर तो सुटंल. मग आप्पांना मारलं कुणी? सांग, कुणी मारलं?"

"मला काय ठाऊक!"

"मग सांगू नकोस. सांगितलंस तर मला फोन करू नकोस."

फोन बंद झाला. बाईंनी दाराला कडी घातली, मग परत उठून कडी बघितली. मारणारा आत नसेल तर तो बाहेर आहे. भाजीच्या गाडीशी शेजारी उभा असेल, आपल्याला वाट देत असेल. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याच घराची भीती वाटली. एक शब्द बोलायचा नाही, एवढंच तर करायचं होतं. आणि शब्द न बोलणं रत्नव्वांना कधी जमलंय?

गुरुवारी कोर्टाच्या पायरीवर बाळाबाई बसली होती, कृष्णातची आई. प्रत्येक तारखेला ही अशीच बसायची आणि रत्नव्वा तोंड फिरवून पुढं जायच्या. आज त्या तिच्यासमोर थांबल्या.

"तुझ्या लेकानं केलं न्हाय ते," त्या म्हणाल्या.

बाळाबाईनं मान वर केली. "मी अकरा वर्षं तेच सांगतोय की. तुला आज कळलं व्हय?"

रत्नव्वांनी हात पुढं केला. बाळाबाईनं तो धरला नाही. पायरीचा आधार घेत उठली आणि म्हणाली, "मला काय सांगतीस? चल, वकिलाला सांग."

वकील म्हणजे स्नेहल नावाची चुणचुणीत पोरगी. तिनं ऐकलं आणि जुना पंचनामा काढून भराभर पानं उलटली. प्रेताच्या अंगावर काय काय होतं त्याच्या यादीत लिहिलं होतं, 'गळ्यात पांढऱ्या कापडाचा ताईत, एक.' लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला तो ताईतच वाटला. पोरीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, ते काही वेळ उचललंच नाही.

मग रत्नव्वांची साक्ष परत झाली, स्वामींचीही झाली. उलटतपासणीत सरकारी वकिलानं विचारलं, "बाई, तेव्हा खरं बोललात की आत्ता?" "तेव्हाही खरंच बोलले," रत्नव्वा म्हणाल्या, "पण मला सगळं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखं बोलले." चार महिन्यांनी कृष्णात निर्दोष सुटला. पेठेत लोक कुजबुजले, म्हातारीला चळ लागला म्हणाले. पुण्याहून फोन आला नाही.

आणखी काही दिवसांनी कोर्टानं डबी परत दिली. रत्नव्वांनी ती घरी आणली, उघडली, लावली. टक्क. परत उघडली, परत लावली. ढिली म्हणून एवढी टोचणी लावली, ती नीट झाली होती, आणि हे सांगायला घरात चिटपाखरू नव्हतं. शेवटी पदरात डबी बांधून त्या कृष्णातच्या घरी गेल्या.

बाळाबाईनं दार उघडलं, या म्हणाली नाही, पण आडवीही आली नाही. कृष्णात खाटेवर बसला होता. पस्तिशीतच कानशिलं पांढरी झालेली. रत्नव्वा वाटेत माफीचे शब्द जुळवत आल्या होत्या. ते तोंडात आलेच नाहीत. त्या समोरच्या स्टुलावर टेकल्या आणि डबी काढली.

"ही देताना ते काय म्हणाले होते रे?"

कृष्णातनं डबी हातात घेतली नाही, लांबूनच बघितली. "म्हणाले, 'परवा ती गडहिंग्लजास्नं येणार हाय. त्याच्या आत दे बाबा. खटका नीट झाल्याला बघून एकदा तरी गप बसंल.'"

"रागानं म्हणाले?"

"छ्या! हसत हुते."

बाईंनी डबीच्या खटक्यावरून अंगठा फिरवला. "आणि हे तू कोर्टात का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं की, काकू. एवढंच सांगत हुतो. तुम्ही उभं राहून खोटं म्हणालात, मग पुढचं कुणी ऐकलंच न्हाय."

रत्नव्वा गप बसल्या.