हॅडली गावाची सुटका

हॅडली गावाची अडचण अशी होती की राज्यात कुठेही हॅडली म्हटलं की लोकांना तुरुंग आठवायचा. पोर वाह्यात निघालं की आया म्हणायच्या, "असाच वाग, म्हणजे जाशील हॅडलीला." गावात पीच फळांची जत्रा भरायची, चर्चला नवा घुमट बसला होता, पण शाळेचा फुटबॉल संघ परगावी गेला की प्रेक्षक मनगटं जोडून बेड्यांची खूण करायचे.

महापौर ग्लेंडा पिकेट यांनी शेवटी तोडगा काढला. तुरुंग हलवता येत नाही, नाव हलवता येतं. आणि तुरुंगाला ज्याचं नाव द्यावं असा, तो गावात आणणाऱ्या माजी आमदार वर्नेल टिडवेलइतका लायक माणूस दुसरा कोण?

"टिडवेलसाहेब, हा तुमचा सन्मान आहे," त्याच्या ओसरीवर बर्फाचा गोड चहा पीत ग्लेंडाबाई म्हणाल्या.

"आणि गावाची पीडा माझ्या गळ्यात."

"तसं म्हणा हवं तर. विधानसभेत कुणी विरोध करणार नाही. तुमचा होकार तेवढा हवा."

विरोध होणार नाही हे वर्नेललाही ठाऊक होतं. माजी सदस्याच्या गौरवाला तिथे कुणीच नाही म्हणत नसे, कारण माजी व्हायची पाळी प्रत्येकावर येते. अडचण वेगळी होती. त्याच्या बहिणीचा, ओपलचा मुलगा रॉयस याच तुरुंगात जन्मठेप भोगत होता. तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप, हा कायदा वर्नेलने आणला होता आणि त्यावर दोन निवडणुका जिंकल्या होत्या. रॉयसचा तिसरा गुन्हा म्हणजे बंद पडलेल्या कापूस गिरणीतल्या तांब्याच्या तारेची चोरी. गिरणीच्या मालकालाही ती तार तिथे होती हे पोलिसांकडूनच कळलं होतं.

दर रविवारी ओपल मुलाला भेटून तशीच वर्नेलकडे जेवायला यायची. एकोणीस वर्षांत एका शब्दाने तिने त्याला बोल लावला नव्हता. लावला असता तर त्याने वाद तरी घातला असता. वाद घालण्यात त्याची हयात गेली होती. ती मात्र कोंबडी छान झाल्याचं सांगायची.

त्या रविवारी त्याने नावाची गोष्ट काढली. "तू नको म्हणालीस तर मी नकार देतो."

"म्हणजे तेही माझ्याच माथ्यावर," ओपल म्हणाली. "मक्याचा पाव सरकव इकडे."

"तुला त्याच्या पत्राच्या पाकिटावर माझं नाव लिहावं लागेल, दर वेळी."

"लिहीन. हाताला सवय होते." तिने पावाला लोणी लावलं. "तू आत गेलायस कधी?"

"उद्घाटनाला फीत कापली होती."

"फीत बाहेर असते, वर्नेल."

आमदाराला कुठल्याही तुरुंगात, कधीही, न कळवता शिरायचा हक्क असतो. तो हक्क वर्नेलकडे बरीच वर्षं होता, अगदी नवाकोरा.

"लागू दे तुझं नाव," ओपल म्हणाली. "पण समारंभानंतरच्या रविवारी माझ्याबरोबर यायचं."

समारंभ झाला. फाटकासमोर मांडव, डुकराच्या मांसाचा खमंग धूर, शाळेचा बँड. भाषणात रॉयसचं नाव घ्यायचं वर्नेलने पक्कं केलं होतं. आपला कायदा आपल्याच घरात शिरला तेव्हा आपण तोंड फिरवलं, असं चारचौघांत सांगायचं होतं. पण तो उभा राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या सुरू झाल्या की थँक यू म्हणायचं ही जुनी खोड. तो थँक यू म्हणाला आणि बसला. पहिल्या रांगेतल्या ओपलनेही टाळ्या वाजवल्या, चर्चमध्ये वाजवतात तशा, हळू आणि रीतीपुरत्या.

रविवारी दोघं फाटकाशी आले. पहाऱ्यावरच्या तरुण बाईने वर्नेलचं ओळखपत्र पाहिलं, मग त्याच्या डोक्यावर, फाटकाला लावलेली नव्या नावाची पाटी पाहिली.

"आजोबा, हे तुम्हीच?"

"मीच."

"अभिनंदन हं. पण आत नाही सोडता येणार. रॉयस हकाबीने भेटीसाठी तुमचं नाव दिलेलं नाही. कैद्याची मर्जी लागते."

"हा नियम केला कुणी?"

"मी नाही बाई. विधानसभेने."

त्या नियमावर मतदान झालं तेव्हा आपला हात वर होता की नाही हे वर्नेलला आठवेना. बहुधा होताच. हात वर करण्यात त्याने कधी हयगय केली नव्हती.

ओपल आत गेली. तो उन्हात गाडीत बसला. येणारेजाणारे पहारेकरी त्याला ओळखून सलाम करत होते, आणि प्रत्येक सलामागणिक तो सीटमध्ये आणखी खाली सरकत होता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"तुला नियम माहीत होता," तो म्हणाला.

"एकोणीस वर्षं येतेय. माहीत नसेल?"

"मग मला आणलंस कशाला?"

"त्याला सांगायला, की मामा दारात उभा आहे. तू घरी बसलेला असताना काय सांगणार होते?"

वर्नेलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "काय म्हणाला?"

"विचार करतो म्हणाला."

"किती दिवस?"

"ते नाही विचारलं. त्याला काही घाई नाही." तिने पट्टा बांधला. "घाई तुला आहे, म्हाताऱ्या. चल, भूक लागलीय."

पुढच्या रविवारीही तो गाडीतच बसला, त्याच्या पुढच्याही. काचा खाली, पण अंगात कोट, गळ्यात टाय. बोलावलंच तर गबाळं दिसायला नको.