भिजलेलं रेशीम

काकूंच्या घरात ‘मेंदू’ हा शब्द फक्त भांडणात यायचा. काकांनी एका गिऱ्हाइकाचे कपडे दुसऱ्याला दिले की काकू विचारायच्या, “मेंदू कुठे वाळत घातलाय?” आणि एके सकाळी, त्यांच्या लाँड्रीत, त्याच मेंदूत रक्तस्राव होऊन काका इस्त्रीच्या टेबलाशी कोसळले.

गावातल्या रुग्णालयात पहिले दोन दिवस ते काकूंना ओळखत होते. तिसऱ्या दिवशी डोळेच उघडेनात. थोरला मुलगा तिथल्या डॉक्टरीणबाईंवर भडकला.

“रक्त थांबलंय म्हणता, मग बाबा खालावले कसे? आई, मी त्यांना मोठ्या शहरात हलवतो. तू फक्त हो म्हण.”

रस्ता लांबचा आणि खडबडीत होता. काकूंना हो म्हणावं तरी भीती, नाही म्हणावं तरी भीती.

डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. “काकू, सांडलेलं रक्त अजून आत साकळलेलं आहे. त्याच्या आसपास एन्झाइम सुटतात, ती पेशींभोवतीची वीण विरघळवतात. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, सूज चढते. म्हणून रक्त थांबल्यावरही काही दिवस वाईट जातात.”

“म्हणजे आमच्या डाग काढायच्या पावडरीसारखं? ती रक्ताचा डाग खाते, पण रेशीम त्यात जास्त वेळ राहिलं तर तेही खाते.”

“तसंच. त्या पावडरीतही एन्झाइमच असतात.”

“मग मेंदू रेशमी की सुती, हो?”

बाईंना हसू आलं. “रेशमाहून नाजूक.”

“मग धुऊन काढा की ती मेली एन्झाइम!”

“तसं खात्रीचं औषध अजून हाती नाही. आणि पुढे जखम भरताना, नव्या रक्तवाहिन्या फुटताना त्यांचीच मदत होते, असं दिसतंय. आपण रक्तदाब आवरायचा, सूज उतरवायची आणि दम धरायचा. प्रवासात रक्तदाब चढला, तर मात्र कठीण.”

काकू उठल्या. भिजलेल्या रेशमात जीव नसतो. ओढाताण केली की ते हातातच फाटतं, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

“कुठेही न्यायचं नाही,” त्या थोरल्याला म्हणाल्या.

“आई, बाबा म्हणजे काय साडी आहेत?”

“साडी असती तर तुझ्या हवाली केली असती!”

आणखी दोन दिवस काका तसेच निपचित. काकू उशाशी बसून राहायच्या. आपलं चुकलं असेल तर, हा विचार घास गिळू देत नव्हता.

मग सूज उतरू लागली. एका दुपारी काकांनी डोळे उघडले, थोरल्याकडे टक लावून पाहिलं आणि अडखळत म्हणाले, “दुकान... कोण... बघतंय?”

थोरल्याला आधी हसू फुटलं, मग रडू. त्याने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

काकांचा उजवा हात पुढे कायम अधू राहिला, बोलणंही सावकाश झालं. पण पुष्कळ वर्षं ते गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत राहिले.

काकांनी डोळे उघडले त्याच दुपारी काकू डॉक्टरीणबाईंना शोधत गेल्या होत्या. बाई जिन्यात उभ्या उभ्या चहा घेत होत्या. काकूंनी त्यांचा हात धरला.

“काकू, मी विशेष काही केलं नाही. वाट पाहिली, तुमच्यासारखीच.”

“केलंत. घाईत होतात, तरी माझ्याशेजारी बसलात. मला समजेपर्यंत उठला नाहीत.”