गोड्या पाण्याचा समुद्र

शिंपल्याची एक कड झिजून सुरीसारखी झाली होती आणि तीच पातेल्याच्या तळाला लागून खर्र-खर्र वाजत होती. दुधाची खरवड निघत होती, पापुद्र्यामागून पापुद्रा, करपट-गोड वासाची, आणि शामलेचा हात रोजच्यासारखा गोल फिरत होता. पण आज हात शिंपल्याला फिरवत नसून शिंपलाच हाताला फिरवतोय असं काहीतरी... बाहेरून मातकट, आतून मोत्याच्या रंगाचा. वीस-एकवीस वर्षं तो या घरात होता. लेक तान्ही असताना तिला यानंच दूध पाजलं, ती सासरी गेल्यावर याला खरवडीचं काम लागलं, आणि मधल्या काळात कुणीही विचारलं की शामला तो तळहातावर ठेवून दाखवायची — हा समुद्रातला.

हा तळ्यातला दिसतोय, शामलाताई.

असं सरोजिनीबाई काल म्हणाल्या. सहज म्हणाल्या, चहाची बशी तोंडाला लावता लावता, आणि लगेच दुसऱ्या बोलण्याकडे वळल्या. मुलींच्या शाळेतल्या बाई त्या. शाळेच्या कपाटात काचेच्या पेटीत समुद्राचे शिंपले आहेत, पांढरे, रेघारेघांचे. त्यांच्याशी ताडून त्या म्हणाल्या असतील. बाकी समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही. भूगोल शिकवून शिकवून तो त्यांना पाठ झालाय, इतकंच. उद्या पहाटे त्यांच्या मुलींची सहल एसटीनं निघायची होती — सोलापूर, कोल्हापूर करत रत्नागिरी. बंदर पाहायचं, दीपगृह पाहायचं, पुळ्याचा गणपती पाहायचा आणि एक अख्खा दिवस नुसतं वाळूत खेळायचं. आठवीच्या मुली. आईबापांनी परवानगी देताना एकच अट घातली, सोबत जाणतं माणूस पाहिजे, आणि अख्ख्या धाराशिवात समुद्र पाहिलेली बाई म्हणजे शामलाबाई. गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्याच, समुद्रकाकू म्हणून. हळदीकुंकवाला खारे दाणे आले की कुणीतरी म्हणायचं, समुद्रकाकूंना आधी द्या गं, त्यांना सवय आहे. आणि शामला हसायची. हसण्यात थोडा मानही असायचा.

तर बशी खाली ठेवून सरोजिनीबाईंनी विचारलं होतं, “तुम्ही गेला होतात तेव्हा भरती होती की ओहोटी?”

“भरती,” शामला म्हणाली.

का म्हणाली? दोन शब्द पुढं ठेवले होते, त्यातला एक उचलला. पाहुण्यानं चहा की कॉफी विचारल्यावर उचलावा तसा. मग सरोजिनीबाई डोळे मोठे करून सांगत बसल्या, पाणी कसं अंगावर येतं, मग कसं कोसभर मागं सरतं, नुसता चिखल उरतो, आणि पुन्हा येतं, रोज, न चुकता. पुस्तकात वाचलंय हो, म्हणाल्या, पण पाण्यात कुठवर जाऊ द्यायचं हे पाहिलेल्या माणसालाच कळणार. मुली तुमच्या हवाली.

त्या गेल्या. बशी तशीच राहिली. मागं सरतं? कुठं सरतं? शामलेचा समुद्र तर जागच्या जागी उभा होता. पायरीला लागून उभा होता, देवळाच्या पायरीशी गाय उभी असावी तसा...

“काकू, पातेलं द्या की. किती खरवडताय? भोक पडंल त्याला.”

गजराबाई भांड्यांपाशी बसली होती, कधीची, राखेत हात घालून. शामलेनं पातेलं सरकवलं. शिंपला मात्र हातातच राहिला. परातीत दशम्यांचं पीठ भिजवलेलं, दुधातलं. दोन दिवस टिकतील अशा करायच्या होत्या. गजराबाईनं घासता घासता सांगून टाकलं की येताना बाटलीभर समिंदराचं पाणी आणा, तिचे गुडघे लई धरलेत, खाऱ्या पाण्यानं शेकलं की सुटतात असं तिला तिच्या नणंदेनं सांगितलंय.

“मागच्या टायमाला न्हाय आणलं व्हय तुमी?”

“नाही आणलं.”

“तवा तुमचे गुडघे बरे असतील,” गजराबाई म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली.

खारं. शामलेच्या जिभेवर काहीच आलं नाही. तिनं जीभ टाळूला लावून पाहिली. वीस वर्षांमागचं पाणी जिभेवर शोधत राहिली, आणि सापडलं ते — गोड. विहिरीचं असतं तसं, थोडं शेवाळी, पण गोड. आणि हे तिला माहीत होतं. काल कळलं असं नाही, आज कळलं असंही नाही. हे तिला कायमच माहीत होतं आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलंच नव्हतं. कारण माहेरी, भूम गावी, देवळात तिचे वडील पुराण सांगत, आणि सप्तसमुद्र तिला परकर नेसायच्या आधीपासून पाठ होते. एक खारा, एक उसाच्या रसाचा, एक मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, आणि सातवा गोड्या पाण्याचा. सात आहेत म्हटल्यावर त्यातला कुठला तरी एक दिसणार. मला सातवा दिसला. मी भाग्याची, असं वाटलं होतं मला. मद्याचा दिसला असता तर काय केलं असतं?

तेव्हा ती पंधरा वर्षांची. हे खात्याच्या परीक्षेसाठी हैदराबादला निघाले होते — राघवेंद्रराव; पण तिच्या मनातही ते ‘हे’च — आणि तिलाही घेऊन गेले, आत्याकडे उतरायचं म्हणून. तेव्हा इकडचे सगळे रस्ते हैदराबादलाच जायचे. कोर्ट तिकडं, परीक्षा तिकडं, चांगलं कापड तिकडं. समुद्रही तिकडंच असणार, यात नवल ते काय. परीक्षा झाली त्या संध्याकाळी हे म्हणाले, चल, तुला सागर दाखवतो.

सागर. हाच शब्द. समुद्र म्हणाले नव्हते. दर्याही म्हणाले नव्हते. आत्याच्या घरी बायका बोलायच्या, हुसेनसागर, हिमायतसागर, उस्मानसागर... आणि ती मनाशी म्हणाली होती, एवढं मोठं शहर, राजाचं, ठेवले असतील त्यानं तीन-तीन समुद्र.

शामलेला हसू आलं. मग तिनं शिंपला पालथा करून पाहिला.

आठवून पाहू. नीट.

संध्याकाळ. लांबच लांब बांध, त्यावर टांगे उभे, शेंगावाला, शेरवानीतली माणसं हवा खात चाललेली, बुरख्यातल्या बायका, त्यांच्या मागं आया, आणि कुणालाच कसली घाई नाही. नुसतं पाणी पाहायला माणसं येतात, एवढे चांगले कपडे घालून येतात, हेच तिला मोठं आश्चर्य. हे पुढं, ती दोन पावलं मागं. पायऱ्या उतरून तिनं वहाणा काढल्या, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, एक घोट घेतला. म्हणाली, गोड आहे. आणि हे —

हे काही बोलले नाहीत. वारा होता, ऐकू गेलं नसेल.

नाही. पुन्हा.

म्हणाली, गोड आहे. आणि हे हसले. म्हणाले, गोडच असणार.

नाही... पुन्हा.

अंधारत आलं होतं. पाण्याच्या पार पलीकडं दिवे लागले, एकेक, पाण्याच्या काठाशी ओळीनं. तिनं विचारलं, ती जहाजं का हो? आणि हे दिव्यांकडे पाहत राहिले, कितीतरी वेळ. म्हणाले, असतील.

म्हणाले होते का असतील? की ते मी मागाहून घातलं, लेकीला झोपवताना? लेकीला रोज तीच गोष्ट लागायची. मग आई, जहाजं काय करत होती? दिवे लावून उभी होती. कुणासाठी? अशी रोज. आणि हे बाजेवर पडलेले असायचे, पलीकडंच, डोळे मिटून. झोपलेले असतील असं वाटायचं. आणि बायका आल्या की ओट्यावर पेपर वाचत असायचे. समुद्रकाकू म्हणून कुणी हाक मारली की पेपर जरासा खाली व्हायचा, डोळे वर यायचे आणि पेपर परत वर. वीस वर्षं. यांना तर सगळं ऐकू जात होतं.

तर मग मी काय होते इतकी वर्षं? एक गंमत? एक पेपराआडचं हसू?

तिनं दशम्या केल्या. काही करपल्या. गजराबाई जाताना पुन्हा बाटलीची आठवण करून गेली. शामलेनं दशम्या फडक्यात बांधल्या, पिशवीत ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. लोकांच्या मुली. पाणी मागं सरेल आणि मुली त्याच्यामागं धावतील, आणि सगळ्या वळून माझ्याकडं बघतील, काकू, जाऊ का? आणि मी... सरोजिनीबाईंना जाऊन सांगायला हवं. आत्ता, दिवेलागणीच्या आत. त्या ओढ्यापलीकडच्या आळीत राहायच्या, दहा पावलांवर म्हणा ना. काय सांगायचं? मी समुद्र पाहिलेला नाही. एवढं एक वाक्य. पण हे वाक्य तोंडातून गेलं की त्याच्यामागं ती संध्याकाळही जाईल, ओंजळ, वारा, सगळं ओहोटीसारखं कोसभर मागं, आणि नुसता चिखल...

तिनं एक पाय वहाणेत घातला, आणि दारात हे आले.

कचेरीतून आले की ते अलीकडे पुटपुटत येत. उर्दूत सगळी नोकरी गेली, आता मुंबई राज्यात आल्यापासून सगळं मराठीत लिहायचं. मिसल म्हणजे प्रकरण, पेशी म्हणजे सुनावणी, असं वाटेनं घोकत यायचं. टोपी खुंटीला लावून त्यांनी तिच्या पायाकडं पाहिलं. एक वहाणेत, एक जमिनीवर.

“कुठं निघालीस?”

शामलेनं शिंपला पुढं केला. का, ते तिलाही कळलं नाही.

“हा कुठला हो?”

“हैदराबादचा. हुसेनसागरावरचा.” ते सहज म्हणाले.

“ते तळं आहे.”

“तळंच म्हण. तिकडं सागरच म्हणतात.”

“मी समुद्र म्हणत होते. सगळ्यांना सांगत होते. तुम्ही ऐकत होता.”

ते बाजेच्या कडेवर बसले. त्यांनी शिंपला हातात घेतला, झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, की पहिल्यांदा ती भूमला तिच्या भावाला सांगत होती, तेव्हाच त्यांना कळलं. तोवर ते धरूनच चालले होते की ते तळं आहे हे तिला कळलंय.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुझं तोंड असं झालं होतं त्या वेळी,” ते म्हणाले, आणि पुढं कसं झालं होतं ते त्यांना सांगता येईना. हात नुसता हवेत फिरला. “आणि मी तरी खरा कुठं पाहिलाय? मला वाटलं, तोही असेल असलाच काहीतरी.”

खरं बोलत होते? की हेही वीस वर्षांच्या सवयीनं, तिला सांभाळून? तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं थकलेला, नवे शब्द घोकून आलेला एक माणूस होता. आणि त्याच्याच मागं, थोडा आत, पाण्यापलीकडं पाहणारा शेरवानीतला एक पोरसवदा मुलगा, ज्याला बायकोनं काहीतरी विचारलं होतं आणि ज्याला उत्तर माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं. दोघं एकदम दिसत होते. एकाला पाहावं तर दुसरा पुढं येत होता.

“आता जातीयस तर आल्यावर सांग मला,” ते म्हणाले, “कसा असतो.”

जे सांगशील ते खरं धरीन, असं त्यात होतं. की, जे सांगशील ते नुसतं ऐकून घेईन, नेहमीसारखं? शामलेला राग यायला हवा होता आणि तो अर्ध्या वाटेवर येऊन उभा होता, पाहुण्यासारखा, आत येऊ की नको करत.

बाहेर अंधारत आलं. ओढ्यापलीकडच्या आळीत दिवे लागायला लागले. पहिला सरोजिनीबाईंचा, तो कळला. पुढचा तेल्याचा, मग देवळाचा. मग आणखी लागले, ओळीनं, आणि त्यांतला कुठला कुणाचा हे तिला एकाएकी कळेना. रोजचे दिवे. मधल्या ओढ्यात पावसाळा सोडला तर पाणी नसतं. आता मात्र मधे काय आहे ते दिसत नव्हतं, नुसतं काळं, रुंद, आणि त्याच्या काठाशी ते दिवे उभे.

“ते दिवे कुणाचे हो?” तिनं विचारलं.

हे उठून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. मागं नाही, पुढं नाही, शेजारी. दिव्यांकडं पाहत राहिले, कितीतरी वेळ.

“असतील,” ते म्हणाले.

तिचा एक पाय अजून वहाणेत होता. दुसऱ्याला खालची फरशी गार लागत होती, ओली असावी तशी, आणि पाणी येतंय की सरतंय, ते काही तिला सांगता आलं नसतं.