युलिमारच्या अयाका

मी एक टोप बोलतोय. चाळीस लिटरचा, जाड ॲल्युमिनियमचा, एका अंगाला पोचा आलेला. नीलाताईंनी मला इथल्या, बहारीनमधल्या मनामाच्या बाजारातून गणपतीच्या महाप्रसादासाठी आणलं. एक दिवस भात शिजवायचा आणि उरलेलं वर्ष रिफातल्या त्यांच्या घरी माळ्यावर उपडं पडायचं, एवढंच माझं काम.

मग त्यांच्या मुलानं, मयुरेशनं, ऑफिसातल्या युलिमारशी लग्न केलं. ती व्हेनेझुएलाची. पहिल्याच डिसेंबरात तिनं मला खाली काढलं. नाताळात त्यांच्याकडे अख्खं घर बसून अयाका करतं. केळीच्या पानावर मक्याचं पीठ थापायचं, त्यावर कोंबडीचा रस्सा, ऑलिव्ह, मनुका घालायच्या, पान मिटून दोऱ्यानं बांधायचं आणि उकडायचं. मयुरेश रस्सा वाढायचा, पुढे त्यांची छोटी लेक स्पृहा दोरे कापायची. नीलाताईंचा हात पातोळ्यांवर बसलेला, त्या पानं मिटायच्या. वर्षातला तो एक दिवस या घरात कुणी कुणाला टोचून बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या अयाकांच्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी मयुरेशच्या बॉस, हुदा मॅडम, सहकुटुंब जेवायला यायच्या होत्या. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या सहीवर अडलं होतं. सकाळी युलिमार आंघोळीला गेली आणि ओट्यावरचा तिचा फोन वाजला. मयुरेशनं उचलला. तिच्या भावाचा होता. बोलून झाल्यावर तो माझ्या काठावर हात टेकून उभा राहिला.

"आई, युलीची आई गेली. आपल्याकडच्या संध्याकाळी सातला दफन आहे. भाऊ फोनवर दाखवणार म्हणतोय."

नीलाताई पानं पुसत होत्या. हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"मॅडम गेल्यावर सांग."

"पण सातला..."

"साठ अयाका व्हायच्यात, मयुरेश. ती रडत बसली तर मॅडमच्या पुढ्यात काय ठेवू? गेलेलं माणूस संध्याकाळपर्यंत परत येणार आहे का?"

मयुरेशनं फोन बंद करून खिशात टाकला.

दारात स्पृहा उभी होती. आठ वर्षांची पोर. "बट आजी, इट्स हर मम्मी!"

नीलाताईंनी तिचा दंड धरला. "तू काही ऐकलं नाहीस. बोललीस तर पप्पांची नोकरी जाईल. कळलं?"

युलिमार ओले केस बांधत आली आणि गाणं गुणगुणत पीठ मळायला बसली. दुपारी तिनं फोन मागितला. पहिली अयाका ती दरवर्षी आईला दाखवायची.

"भावाचा मेसेज होता," मयुरेश म्हणाला. "तिकडे लाइट गेलेत. आज लागणार नाही."

"बिचारी आई," ती म्हणाली, "अंधारात अयाका कशी बांधणार?"

स्पृहानं कापलेले दोरे लहान-मोठे झाले, म्हणून नीलाताई तिच्यावर खेकसल्या.

सात वाजता माझ्यातून वाफाळत्या अयाका ताटात गेल्या. हुदा मॅडमनी दोन खाल्ल्या. "कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईनं," युलिमार हसून म्हणाली. "पुढच्या वर्षी तिला इथे आणणार आहे."

"इंशाल्ला," मॅडम म्हणाल्या. मयुरेशनं त्यांना आणखी एक वाढली.

पाहुणे गेल्यावर त्यानं सांगितलं. युलिमार माझ्यापाशीच उभी होती. रडली नाही. "कधी कळलं?" एवढंच विचारलं.

"सकाळी."

"आई, तुम्हाला पण?"

"तुमच्याच संसारासाठी केलं गं," नीलाताई म्हणाल्या.

"आय न्यू टू, मम्मा," स्पृहा पुटपुटली आणि तिला बिलगायला गेली. युलिमारनं तिचे हात अंगावरून सोडवले, एकेक बोट करून. ते मी पाहिलं. माझं तोंड एवढं मोठं, पण वाचा नाही.

कॉन्ट्रॅक्ट झालं. पुढच्या डिसेंबरात नीलाताईंनी स्वतः मला खाली काढलं, पानं आणली, पीठ आणलं, सगळं मांडून हाक मारली. युलिमार आली. सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला येत नाही."

"तू तरी ये गं," नीलाताई नातीला म्हणाल्या.

"मलाही येत नाही, आजी." पोर आजीशी पहिल्यांदाच मराठीत बोलली.

नीलाताईंनी एकटीनंच बारा बांधल्या. माझ्यात सगळ्या सुटल्या. पीठ, मनुका, पानं, सगळ्याचा लगदा झाला. तो त्यांनी हातानं उपसून टाकला.

आता मी गच्चीवर पडलोय. धूळ साचते, दमट हवेनं चिकटते. बुडाला भोक नाही, मी अजून कामाचा आहे. सित्राच्या मजूर-कॅम्पात कंपनीच्या बसमधून दमून उतरणाऱ्यांसाठी खुशाल डाळ शिजवीन. कुणीतरी न्या मला. नीलाताई अडवणार नाहीत. त्या इथे कपडे वाळत घालायला येतात, तेव्हा माझ्याकडे पाठ करूनच उभ्या राहतात.